हो, मी आहे

१

तुम्ही कधी हजेरीत खोटं बोलला आहात का? वर्गात नसलेल्या मैत्रिणीच्या नावाला मागच्या बाकावरून ‘हजर’ म्हटलंय, किंवा तुम्ही बाहेर हुंदडत असताना तुमच्या नावाला कुणी म्हटलंय? त्यात काही मोठं पाप नाही, असं आपण सगळेच समजतो. पुस्तकमावशीही तसंच समजत होत्या.

पुस्तकमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या एका शाळेच्या ग्रंथालयात अठरा वर्षं काम करत होत्या, आणि मुलं त्यांना त्याच नावानं हाक मारायची. कपाटं पुसायची, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची, परत आलेली पुस्तकं जागेवर ठेवायची, असं त्यांचं काम. स्वतः जेमतेम दहावी पास. पण कुठलं पुस्तक कुठे आहे, हे डोळ्यांवर पट्टी बांधून विचारलं तरी सांगत. रडवणारी पुस्तकं त्यांनी खिडकीजवळ लावली होती. का, तर रडू आलेल्याला बाहेर बघता आलं की बरं वाटतं. हसवणारी पुस्तकं दाराशी, म्हणजे घाईतल्या मुलालाही जाता जाता उचलता यावीत.

एके दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना खोलीत बोलावलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी आधी मावशींना बसायला सांगितलं, तेव्हाच काहीतरी वाईट ऐकायचंय, हे मावशींनी ओळखलं.

“मावशी, नियम आलाय. ग्रंथालयात काम करणाऱ्याकडे विद्यापीठाचं प्रमाणपत्र हवंच. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, सगळा घरबसल्या, त्यांच्या पोर्टलवर. वर्ष संपेपर्यंत झाला नाही, तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी येईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

“होईल की, बाई,” मावशी म्हणाल्या. “त्यात काय एवढं!”

ग्रंथालयात परत येऊन त्यांनी खिडकीजवळच्या कपाटाला हात टेकला.

२

मावशींची लेक नोकरीला दुसऱ्या गावी होती. तिने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला आणि फोनवरून शिकवायला बसली.

“आई, डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात?”

“दिसतात.”

“त्यांच्यावर दाब.”

“दाबलं. दाबतेच आहे. काही होत नाही.”

“आई, तू बोट लावून दाबतेयस का पडद्यावर?”

“मग कशानं दाबू? कोपरानं?”

“अगं, तो फोन नाही! खाली तो चौकोन आहे ना, त्याच्यावरून बोट फिरव. बाण हलतोय?”

“हलला. अगं बाई, सगळं गेलं!”

“गेलं नाही, आई. उघडलं.”

हळूहळू मावशींना वाट सापडली. डावीकडे धड्यांची यादी होती, प्रत्येक धड्यापुढे एक करडा गोल. धडा म्हणजे पाऊण तासाचा व्हिडिओ. तो पूर्ण पाहिला की गोल हिरवा होऊन त्यात बरोबरची खूण यायची. मग दहा प्रश्नांची छोटी चाचणी. आणि विद्यार्थी खरंच समोर बसलाय की नाही हे कळावं, म्हणून दर दहा मिनिटांनी पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवायची. ‘तुम्ही आहात का?’ खाली एकच बटण, ‘हो, मी आहे.’ दोन मिनिटांत ते दाबलं नाही तर धडा थांबायचा आणि हजेरी पडायची नाही. शंभरातले ऐंशी धडे हजेरीनिशी झाले, तरच परीक्षेला बसता येणार होतं.

मागच्या खोलीत लेकीचं अभ्यासाचं टेबल होतं. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी घडीची खुर्ची मावशींनी उलगडली, टेबलाशी लावली. कोरी वही ठेवली, पेन्सिलीला टोक काढलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात तारीख घातली.

त्यापुढे त्या वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

३

प्रयत्न केला नाही असं नाही. पहिले पंधरा दिवस त्या दुपारी शाळेतून आल्या की चार वाजता हातपाय धुऊन बसत. पण पडद्यावरचे प्राध्यापक असं काही बोलत, की एकेक शब्द ओळखीचा आणि वाक्य मात्र परकं. पुस्तकांना आकडे द्यायचे, आकड्यांत टिंब, टिंबापुढे पुन्हा आकडे. अठरा वर्षं जी पुस्तकं त्यांनी लेकरांसारखी सांभाळली, ती त्या माणसाच्या तोंडून ऐकताना कुणा भलत्याचीच वाटायची. दहा मिनिटांत डोळे जड व्हायचे. चौकट यायची, ‘तुम्ही आहात का?’ आणि त्या दचकून बटण दाबायच्या. झोपेतून उठवून कुणी चोर म्हणावं, तसं वाटायचं.

चाचणीचे प्रश्न त्या फोटो काढून लेकीला पाठवत आणि ती उत्तरं कळवी. “पहिल्यांदाच फक्त हं, आई,” ती म्हणाली होती. ते पहिल्यांदा आठ वेळा झालं.

मग एका दुपारी भाजी चिरायची राहिली होती. मावशींनी धडा लावला आणि विळी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, त्या तिथेच बसल्या. प्राध्यापकांचा आवाज दोन भिंतींआडून येत राहिला, पावसाच्या पन्हळीसारखा. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली की त्या उठायच्या, पदराला हात पुसत खोलीत जायच्या, बटण दाबायच्या, परत यायच्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तेच वळण पडलं.

मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. त्यांचं छोटं दुकान होतं. एक दिवस ते लवकर घरी आले, मागच्या खोलीत डोकावले आणि हसत हसत स्वयंपाकघरात आले.

“अगं, तो मास्तर तिकडे खुर्चीला शिकवतोय.”

“मी ऐकते इथून.”

“तू ऐकतेस की भाजी ऐकते? बघ हं, खुर्ची पास व्हायची आणि तू राहायचीस!”

मावशी हसल्या. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

त्यानंतर चार-सहा दिवसांतली गोष्ट. धडा लावून त्या नेहमीसारख्या बाहेर आल्या आणि शेजारीण दारात उभी. तिच्या सुनेचं गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की त्याला ना शेंडा ना बुडखा. मावशी ‘हं, हं’ करत राहिल्या. मधेच मागच्या खोलीतून बारीक आवाज आला. टक, टक. दोनदाच. नळाचं पाणी ठिबकत असेल, असं त्यांच्या मनात आलं. शेजारीण गेली, तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. गेली आजची हजेरी, असं पुटपुटत त्या खोलीत गेल्या.

धडा थांबला नव्हता. प्राध्यापक शेवटचं वाक्य बोलून नमस्कार करत होते. मावशींच्या डोळ्यांदेखत करडा गोल हिरवा झाला.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. फक्त, त्यांनी ती सकाळी झाडताना मागे सरकवली होती, आणि आता ती टेबलाला अगदी लागून होती. पोट टेबलाला लावून बसणारं कुणी ओढून घेतं, तशी.

यंत्रच ते, मावशींनी स्वतःला सांगितलं. विसरलं असेल विचारायला.

४

तरी त्यांनी विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन केला. खरं तर करायला नको होता. आपणच आपली चोरी सांगायची म्हणजे काय! म्हणून त्यांनी गोलगोल विचारलं.

“त्या चौकटी कधी कधी येत नाहीत का हो?”

“येतात, मॅडम. प्रत्येक धड्यात चार.” पलीकडचा मुलगा भला होता. “तुमचा क्रमांक सांगा, बघतो. हां. कालच्या धड्यात चारही आल्यात. आणि तुम्ही चारही वेळा लगेच दाबलंय. चार दहा, चार वीस, चार तीस, चार चाळीस. सगळं व्यवस्थित आहे.”

“लगेच?”

“हो, एका सेकंदाच्या आत. बोट बटणावरच ठेवून बसता वाटतं!” तो हसला. “तुमच्यासारखे विद्यार्थी कमी असतात हो, मॅडम.”

मावशींनी फोन ठेवला. एवढी स्तुती गेल्या कित्येक वर्षांत त्यांची कुणी केली नव्हती, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

तेव्हा त्यांनी काय करायला हवं होतं, ते तुम्हा-आम्हाला कळतं. त्यांनाही कळत होतं. पण नोकरी डोळ्यांपुढे होती, खिडकीजवळचं कपाट डोळ्यांपुढे होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी चार वाजता धडा लावला, खोलीचं दार लोटलं आणि बाहेर येऊन भाजी निवडत बसल्या. दहा मिनिटांनी उठल्या नाहीत. वीस मिनिटांनीही नाही. मान खाली घालून त्या एकेक काडी निवडत राहिल्या, आणि दाराआडून मधूनच यायचं: टक, टक.

हिरव्या खुणा वाढत गेल्या. चाचण्यासुद्धा सोडवलेल्या असायच्या, दहापैकी दहा. लेकीला तिच्या फोनवर ते दिसायचं.

“आई! तू माझ्या मदतीशिवाय सोडवलंस? परत दहा?”

“हं.”

“अगं, मी मैत्रिणींना सांगितलं. माझी आई या वयात शिकतेय म्हणून. मला रडूच आलं बघ. आई, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय गं. कुकर लावलाय, ठेवते.”

कुकर लावलेला नव्हता. मावशी भिंतीला टेकून फोन छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग मन घट्ट करून मागच्या खोलीत गेल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी ती वही उघडली.

पहिल्या पानावर त्यांच्या हातची तारीख. पुढच्या पानापासून वही भरलेली होती. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. आकडे, टिंबं, टिंबांपुढचे आकडे, सगळं ओळीत. आणि प्रत्येक उत्तराभोवती पट्टी न लावता, पण अगदी सरळ, एक चौकोन.

पेन्सिल वहीच्या घडीत होती. तिच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या.

मावशी खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

५

सुतळी.

शाळेत असताना सगळे तिला सुतळीच म्हणायचे, कारण तिची वेणी सुतळीएवढी बारीक. त्या वेणीच्या टोकाला शाळेची निळी रिबीन. मावशी आणि ती नववीत एका बाकावर बसायच्या. सुतळी डावखुरी होती, त्यामुळे दोघींची कोपरं एकमेकींना लागायची आणि रोज भांडण व्हायचं. “सरक की गं, कोपर आहे का खुंटी!” लिहिण्याआधी ती पेन्सिलीचं टोक दातांवर दोनदा वाजवायची. टक, टक. मगच उत्तर यायचं तिला. आणि उत्तर आलं की त्याच्याभोवती चौकोन काढायची. “म्हणजे ते पळून जात नाही,” असं म्हणायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. तिच्या घरी ते कुणालाच मंजूर नव्हतं. एकदा जरी नापास झालीस तर शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलेलं होतं.

वार्षिक परीक्षेत, शास्त्राच्या पेपरला, गाईडमधलं एक पान फाडून कंपासपेटीत घालून आणलं ते मावशींनी. पेपरवरच्या बाई दोन रांगा सोडून उभ्या होत्या. त्या वळल्या, आणि मावशींनी ते पान कोपराने सरकवलं. कुठे सरकवलं, ते त्या क्षणी पाहिलं नाही, असं त्या पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आल्या. पण पाहिलं होतं. सुतळीच्या उत्तरपत्रिकेखाली सरकवलं होतं.

“कुणाचं हे?” बाईंनी ते पान उचलून विचारलं.

सुतळीने मान वळवून मावशींकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

“मला नाही माहीत, बाई,” मावशी म्हणाल्या.

“ऊठ तू. बाहेर हो.”

सुतळी उठली. दप्तर घेऊन, बाकाला धक्का न लावता, दारातून बाहेर गेली. पुन्हा शाळेत आली नाही. सुट्टीत एकदा सगळं कबूल करायचं ठरवून मावशी तिच्या घरापर्यंत गेल्या होत्या. सुतळी अंगणात धुणं वाळत घालत होती. तिची पाठ होती. मावशी कोपऱ्यावरूनच परत फिरल्या.

पुढे तिचं काय झालं, कुठे गेली, आहे की नाही, मावशींना माहीत नव्हतं. कळून घेण्याची हिंमतही कधी झाली नव्हती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. यजमानांनाही नाही, लेकीला तर नाहीच.

६

दुसऱ्या दिवशी चार वाजता मावशी खोलीत गेल्या, त्या ठरवूनच. आजपासून मी स्वतः बसणार. समजेना का, पण बसणार.

त्यांनी धडा लावला. खुर्ची किंचित मागे ओढली. तिचं लाकूड कोमट लागलं. दुपारचं ऊन येतं इथे, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मग त्यांना आठवलं की त्या खोलीत ऊन सकाळी येतं. तरी त्या बसल्या.

चौकट आली. अजून दहा मिनिटं झाली नव्हती, एकही झालं नव्हतं. ‘तुम्ही आहात का?’

मावशींनी बटण दाबलं. ‘हो, मी आहे.’

चौकट गेली आणि लगेच परत आली. ‘तुम्ही आहात का?’

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा आली. पुन्हा दाबलं. प्राध्यापकांचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडंच राहिलं होतं. ‘तुम्ही आहात का?’ ‘हो, मी आहे.’ ‘तुम्ही आहात का?’ त्यांच्या बोटाला घाम आला, बाण घसरायला लागला. “आहे ना! आहे!” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून गप्प झाल्या.

दोन मिनिटं झाली. धडा थांबला. यादीत त्या दिवसाच्या धड्यापुढे लाल अक्षरं आली: गैरहजर.

मावशी उठल्या. दोन पावलं मागे, मग तीन. त्या उंबऱ्याशी पोचल्या आणि प्राध्यापकांनी राहिलेला अर्धा शब्द पूर्ण केला. धडा पुढे सुरू झाला.

त्यांनी वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं, तेव्हा आतून आवाज आला. टक, टक.

त्या संध्याकाळी जेवताना यजमान म्हणाले, “आज तोंड का उतरलंय? मास्तर ओरडला का?”

“अहो, मी परीक्षेला बसत नाही.”

“का गं? लेक तर सांगत होती, पहिला नंबर आहे तुझा!”

“माझा नाही.”

“मग कुणाचा, खुर्चीचा?” ते हसले. मावशी हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. “अगं, घाबरतेस काय एवढी? बंद पडलेलं घड्याळसुद्धा पुन्हा चालू होताना जरा अडखळतं. बस तू. होईल.”

सांगायचं तर आत्ताच, असं मावशींना वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो क्षण गेला.

७

परीक्षा एका गुरुवारी सकाळी अकराला होती. मावशींनी शाळेतून रजा घेतली होती. यजमान दुकानात गेले होते.

मावशींनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि टेबलाशी ठेवलं, खुर्चीच्या डाव्या हाताला. खुर्ची डगमगते, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. खुर्ची कधीच डगमगत नव्हती.

पडद्यावर पर्यवेक्षक आले. तरुण होते, चष्मा होता, आवाज नम्र होता. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मावशींचा स्वतःचा चेहरा दिसत होता.

“मॅडम, लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवा. भिंती, दार, टेबलाखाली.”

मावशींनी दाखवलं. कपाट, खाट, खिडकी, लोटलेलं दार. कुणी नव्हतं. असणार कोण?

“ठीक आहे. आता ठेवा आणि बसा.”

त्यांनी लॅपटॉप ठेवला, स्टुलावर बसल्या. पर्यवेक्षक पुढे वाकले. चष्मा सावरला.

“मॅडम, तुमच्या शेजारी कोण आहे?”

मावशींनी उजवीकडे पाहिलं. रिकामी खुर्ची होती. वही होती, पेन्सिल होती.

“कुणी नाही, सर.”

“मॅडम, मला दिसतंय. शाळेतली मुलगी आहे. तिला बाहेर जायला सांगा. नाहीतर कॉपीचा प्रकार म्हणून नोंद करावी लागेल.”

मावशींनी तो छोटा चौकोन पाहिला. त्यांच्या चेहऱ्याच्या कडेला, चौकटीत अर्धंच मावलेलं, एक कोपर होतं. पांढरी बाही, कोपराशी विरलेली. खांद्यावरून पुढे आलेली बारीक वेणी, आणि तिच्या टोकाला निळं काहीतरी.

त्यांच्या उजव्या कोपराला काहीतरी लागलं. नेहमी लागायचं तसंच.

“मॅडम, कोण आहे ती?”

“मला नाही मा…” मावशींच्या तोंडून निघालं. इतक्या वर्षांनी तेच शब्द, तोच सूर, जिभेच्या टोकावर जसे काही वाटच पाहत बसले होते.

चौकोनातली वेणी हलली. ती मान वळवत होती.

मावशींनी पडद्यावरून नजर काढली. मांडीवरचे स्वतःचे हात बघितले, पन्नाशीतले, भाजी चिरून डागाळलेले. त्या हातांकडे बघतच बोलल्या.

“तिला नाही जायला सांगणार, सर. मागच्या वेळी तीच गेली होती. ते पान माझं होतं.”

“कसलं पान? मॅडम, काय बोलताय तुम्ही?”

“आज मी जाते.”

“तुम्ही उठलात तर परीक्षा रद्द होईल!”

“होऊ दे.”

त्यांनी पेन्सिल खुर्चीच्या बाजूला सरकवली. कोपराने नाही, हाताने. मग उठल्या, स्टुलाला धक्का लागू दिला नाही, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

स्टूल आत राहिलं होतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. दोन भिंतींआडून पर्यवेक्षकांचा आवाज येत होता. “मॅडम? मॅडम, तुम्ही आहात का?”

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“हो, मी आहे.”

आवाज मोठा नव्हता. उभं राहून उत्तर देणाऱ्या शाळेतल्या मुलीचा असतो, तेवढाच होता.

“ठीक आहे,” पर्यवेक्षक म्हणाले, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. “सुरू करा.”

दीड तास. मावशींनी गुडघ्यांत डोकं घातलं. लॅपटॉपच्या कळांचा आवाज येत होता, मधे थांबत होता, टक टक होत होतं, पुन्हा येत होता. आपल्याला भास होतोय, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. त्यांना भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा वाईट म्हणजे, मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळं वाटण्याचीच लाज वाटत होती. एका पेपराने कुठे फिटतं?

साडेबाराला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही.

मावशी खूप वेळाने आत गेल्या. लॅपटॉपचा पडदा काळा होता. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती, सहा महिन्यांपूर्वी होती तशी. त्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या हातची तारीख. पुढची सगळी पानं कोरी. उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरून पाहिली, एक रेघ नाही.

पेन्सिल मात्र झिजून बोटाच्या पेराएवढी उरली होती, आणि तिच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलवर निकाल आला. मावशींच्या नावापुढे शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण होते आणि खाली ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं होतं. त्यांनी आधी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. मग शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, “बाई, ही परीक्षा मी दिलेली नाही,” आणि ग्रंथालयाच्या चाव्या त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आल्या.